जुबलनं वाकवलेली शीव

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. डेल्फीनं हार्लो काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाची पायरी गेल्या चार वर्षांत इतकी झिजवली होती, की तिथला चौकीदार तिला 'काय काम आहे' असं विचारायचाच बंद झाला होता. ती दिसली की दार उघडून मुकाट बाजूला व्हायचा. आणि तिचं काम तरी काय? ना भांडण, ना जमीनजुमला. तिला फक्त एक लग्न सापडत नव्हतं.

लग्न तिचं नव्हे, तिच्या पणजीचं. पणजी लुराना आणि पणजोबा ॲब्सलम रॅटलिफ. अमेरिकेतल्या केंटकीच्या या डोंगरात उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटायच्या जरा आधीची गोष्ट. ॲब्सलम युद्धात गेला तो परत आलाच नाही. मागे उरली तरुण बायको आणि पाळण्यातलं पोर. मग ॲब्सलमचा सख्खा भाऊ एनॉक हार्लोच्या कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "कसलं लग्न? नोंद दाखवा!" नोंदवह्या उघडल्या, पानं चाळली, लग्न काही निघेना. झालं! जमीन एनॉकची, घर एनॉकचं. पोराला रॅटलिफ हे नाव तेवढं चिकटून राहिलं. लुराना म्हातारी होऊन मेली, तेव्हाही तिला डोंगरावरच्या रॅटलिफांच्या दफनभूमीत घेतलं नाही. कुंपणाच्या बाहेर, एका देवदाराखाली पुरलं. का, तर म्हणे बिनलग्नाची.

तो खड्डा खणताना एक नऊ वर्षांची मुलगी तिथं उभी होती. ती ओलेटा, लुरानाची नात, डेल्फीची आई. आज ओलेटाबाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत आणि ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

आता घाई अशी, की दफनभूमीचं लाकडी कुंपण कुजलं होतं आणि समितीनं नवं लोखंडी जाळीचं घ्यायचं ठरवलं होतं. खांब सिमेंटमध्ये बसणार होते, म्हणजे पुढची शंभर वर्षं हलणार नाहीत. समितीचा अध्यक्ष गार्लंड रॅटलिफ. त्याच एनॉकचा पणतू. डेल्फीनं बैठकीत उभं राहून लुरानाची कबर आत घ्या म्हटलं, तेव्हा हा पोटावरून हात फिरवत म्हणाला, "हे बघ डेल्फी, माझं कुणाशी वैर नाही. कागद आण, कुंपण सरकवतो. कागद नाही तर विषय नाही. सजावटीच्या रविवारपर्यंत मुदत. सोमवारी सिमेंट पडणार."

सजावटीचा रविवार म्हणजे मे महिन्याच्या शेवटी सगळं कूळ डोंगरावर जमतं, कबरी झाडतं, फुलं वाहतं आणि तिथंच झाडाखाली लांबच्या लांब टेबलं मांडून जेवतं, तो. आज गुरुवार होता. डेल्फी हार्लोच्या कोर्टातून पुन्हा एकदा हात हलवत घरी आली आणि तिनं पिशवी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आपटली.

"नाही ना मिळालं?" ओलेटाबाईंनी मानही वर केली नाही. त्या कागदाची फुलं करत होत्या. लाल, पिवळ्या कागदाच्या पाकळ्या वळायच्या, तारेला बांधायच्या आणि वितळलेल्या मेणात बुडवून काढायच्या, म्हणजे पावसानं गळत नाहीत. ही फुलं त्या दर वर्षी स्वतःच करायच्या. दुकानातली प्लास्टिकची बघितली की त्यांचं डोकं फिरायचं.

"मिळेल कसं! चौथ्यांदा बघितलं सगळं. आई, परवाना मुलीच्या काउंटीतून काढायचा ही इथली रीत. पणजीच्या बापाचं घर कुठं? त्या खिंडीखाली. त्याचं धुराडं अजून उभं आहे, मी स्वतः हात लावून आले. हार्लोत आहे ते, शिवेच्या चांगलं आत. मग कागद हार्लोतच असायला पाहिजे की नको?"

"आमच्या नशिबात तुझ्या हातचं जेवण असायला पाहिजे," असं म्हणत हर्शेल आत आला. हर्शेल डेल्फीचा नवरा. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढून निवृत्त झालेला. आता त्याचं जगात एकच काम, मासे. "चार वर्षं झाली, ही बया मेलेल्यांच्या मागे धावतेय. जिवंत नवरा मक्याची भाकरी आणि उरलेल्या घेवड्यावर दिवस काढतोय."

"काही वाळला नाहीस. आरशात बघ जरा."

"भांडू नका रे," ओलेटाबाई म्हणाल्या आणि एकदम खुदकन हसल्या. "आजी आणि आजोबा असेच भांडायचे म्हणे, लग्नाच्या आधीपासून. आजी सांगायची मला. माझा आजा परवाना आणायला म्हणून घोड्यावर बसून गेला तो आलाच नाही! इकडे पाहुणे जमलेले, धर्मगुरू येऊन बसलेला, डुक्कर भाजून तयार. आजीला वाटलं, गेला पळून. ती आत जाऊन रडत बसली. आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली की स्वारी! कमरेपर्यंत चिंब. परवाना टोपीत घातलेला आणि टोपी रुमालानं डोक्याला बांधलेली. सगळं वऱ्हाड पोट धरून हसलं."

डेल्फी ताटं मांडत होती. तिचा हात तसाच थांबला.

"चिंब? पाऊस होता का?"

"पाऊस कसला! झरे आटले होते त्या साली. म्हणून तर सगळे हसले, की कोरड्या रस्त्यावर हा बाबा बुडाला कुठं?"

"आई," डेल्फी म्हणाली, "हार्लो गावाला सकाळी गेलं तर माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो. घोड्यावरसुद्धा. हा रात्र काढून आला?"

"आला खरा."

हर्शेलनं तोंडाशी नेलेली भाकरी खाली ठेवली. हे फार क्वचित घडायचं. "इथून हार्लोपर्यंत बूट भिजतील इतकंही पाणी नाही," तो म्हणाला. "असतं तर मी तिथं गळ टाकून बसलो असतो. दुष्काळातही कमरेइतकं पाणी फक्त पेंटर नदीला. आणि पेंटरच्या पलीकडे ब्रॅडक काउंटी."

"ब्रॅडक!" डेल्फी ओरडली. "अगं आई गं! तो ब्रॅडकच्या कोर्टात गेला होता! आई, चार वर्षं मी तुझं डोकं खातेय, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? लग्न कधी झालं, कुणी लावलं, साक्षीला कोण, एवढंच विचारत राहिलीस. टोपीचं कुणी विचारलं मला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. डेल्फीला हसावं की रडावं कळेना. तिनं आईचा मेणानं माखलेला हात धरला आणि गरगर नाचायला लागली. ओलेटाबाई खुर्चीवर बसल्या बसल्या "अगं मेण सांडेल, अगं मेण!" म्हणून ओरडत होत्या.

"पण एक सांग," नाच संपल्यावर हर्शेल म्हणाला, "मुलीचं घर हार्लोत, मग हा शहाणा नदी ओलांडून ब्रॅडकला कशाला मरायला गेला?"

ओलेटाबाई विचार करत म्हणाल्या, "आजीला कागदातलं काही कळायचं नाही. परवाना टोपीतून निघाला आणि धर्मगुरूच्या खिशात गेला, तिनं हातातसुद्धा धरला नव्हता. तिचा बाप जुबल स्टॅम्पर तर तिच्या लग्नानंतर दोन वर्षांत गेला. मोठा तिरसट म्हणे. हार्लोच्या शेरीफनं करापायी त्याची डुकरीण ओढून नेली, तेव्हापासून शपथच घेतली होती, मरेन पण याच्या राज्यात दमडी भरणार नाही."

"हो, पण डुकरीण काही कोर्टात शपथपत्र लिहून देत नाही," हर्शेल म्हणाला. "झोपा आता. पहाटे निघायचं असेल तर गाडी मी चालवतो. पेंटरवर एक थांबा घेऊ."

"थांबाबिंबा काही नाही!"

शुक्रवारी सकाळी ब्रॅडकच्या कोर्टाचं दार उघडलं तेव्हा हे दोघं पायरीवरच बसलेले. कारकूनबाई च्युइंगम चघळत आल्या, यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "जुनी लग्नं? तळघरात. मी बारा वाजता कुलूप लावणार. माझ्याही आजीची कबर झाडायची आहे मला."

तळघरात लोखंडी कपाटं आणि त्यात लग्नाचे कागद, वर्षावर्षाचे गठ्ठे करून फितीनं बांधलेले. गठ्ठ्याच्या आत ना अक्षरांची ओळ, ना महिन्यांची. डेल्फीनं बाह्या सारल्या. हर्शेलनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, समोरच्या फळीवरचं राज्याच्या जुन्या कायद्यांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि मासेमारीचे कायदे शोधत बसला.

पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा. कुणी कोंबस, कुणी नॅपिअर, कुणाच्या नावावर शाई सांडलेली. डेल्फीची बोटं काळी झाली. बाहेर ऊन चढत होतं, ते बघून ती आणखी भराभर कागद उलटत होती. तिसरा गठ्ठा सोडला, मधल्या घडीचा एक कागद उलगडला आणि ती तो उजेडाकडे धरून वाचायला लागली.

ॲब्सलम रॅटलिफ. लुराना स्टॅम्पर.

खाली बापाची संमती, सहीच्या जागी फुली आणि बाजूला 'जुबल स्टॅम्परची खूण'. पाठीमागे धर्मगुरूच्या हातचं: वरील जोडप्याचं लग्न मी मुलीच्या बापाच्या घरी लावलं.

डेल्फी अशी किंचाळली, की कारकूनबाई जिना उतरून धावत आल्या. "काय, उंदीर?"

"पणजी!" डेल्फी म्हणाली. "माझी पणजी सापडली!" आणि तिनं त्या अनोळखी बाईला मिठीच मारली. च्युइंगमचा वास, काळी बोटं, कशाकशाची पर्वा नव्हती तिला. दीडशे वर्षं बिचारी बिनलग्नाची म्हणून हिणवली गेली, आणि लग्न इथं व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं!

मग तिनं तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

'मुलीचा बाप जुबल स्टॅम्पर, राहणार ब्रॅडक काउंटी.'

"हर्शेल," ती हळूच म्हणाली, "घोटाळा झाला. आपला जुबल हार्लोचा. हा ब्रॅडकचा लिहिलाय. गार्लंड पहिलं यावरच बोट ठेवेल. म्हणेल, ही दुसरीच कुणी लुराना."

तिला गार्लंडचा आवाज ऐकू यायला लागला, पोटावर फिरणारा हातसुद्धा दिसला. हातातोंडाशी आलेला घास असा जातोय म्हणताना तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि नेमका तेव्हाच हर्शेल खिडकीत बसून खो खो हसायला लागला.

"लाज नाही वाटत? मी इथं रडतेय!"

"अगं ऐक तर! मासे राहू देत, इथं याहून मोठी गंमत आहे. एका माणसानं विधानसभेत अर्ज करून शीवच सरकवून घेतलीय! हे बघ: 'हार्लो आणि ब्रॅडक या दोन काउंट्यांमधली शीव अशी बदलण्यात येत आहे, की जेणेकरून राहतं घर, धान्याचं कोठार आणि पाण्याचा झरा ब्रॅडक काउंटीत जावा...' घर, कोठार आणि झरा! बाकीचं शेत राहिलं हार्लोत. काय तऱ्हेवाईक माणूस असेल हा जुबल!"

"काय नाव म्हणालास?"

"जुबल स्टॅम्..." हर्शेलचं तोंड उघडंच राहिलं.

मग डेल्फीनं झेप घालून ते पुस्तक हिसकावलं. जुबल स्टॅम्पर! लग्नाच्या तीन वर्षं आधीचा कायदा! म्हणजे तेव्हाच्या नकाशावर नदीपासून खिंडीपर्यंत आलेला एक फुगवटा, आणि त्या फुगवट्याच्या टोकाला एका हट्टी माणसाचं घर!

"डुकरीण!" डेल्फी ओरडली. "अरे डुकरिणीसाठी! शेरीफच्या राज्यात कर भरायचा नाही म्हणून यानं राज्यच बदललं!"

"घर हललं नाही, शीव हलली," हर्शेल म्हणाला. "मग आज ते हार्लोत कसं?"

"पुढचं पुस्तक काढ. युद्धानंतरचं. काढ लवकर!"

आता हर्शेल मासेबिसे सगळं विसरला. दोघंही जमिनीवर बसून पानं उलटायला लागले. कारकूनबाईसुद्धा कुलूप हातात घेऊन वाकून बघत होत्या, बारा वाजून गेले तरी. त्यांनाच दिसलं आधी. युद्धानंतरच्या साली, जुबल मेल्यावर, कुणीतरी शहाण्यांनी तो फुगवटा पुसून शीव पुन्हा सरळ केली होती. घर परत हार्लोत आलं. एनॉक कोर्टात उभा राहिला तो त्याच वर्षी, नंतर.

"एनॉकला माहीत नसेल होय!" डेल्फी दातओठ खात म्हणाली. "शेजारीच राहायचा मेला. मूग गिळून बसला."

"ते जाऊ दे," कारकूनबाई म्हणाल्या. "तिन्ही कागदांच्या नकला काढते, शिक्का मारून देते. आणि रविवारी काय झालं ते मला कळवायचं, काय? नाहीतर मला झोप यायची नाही."

रविवारी डोंगर माणसांनी फुलला होता. टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवडा, सफरचंदाचे थर लावलेले केक. पोरं कबरींच्या मधून पळत होती आणि आया त्यांच्या नावानं ओरडत होत्या. जुनं कुंपण काढून टाकलेलं. त्याच्या जागी खुंट्या ठोकून ताणलेली पांढरी दोरी आणि दोरीच्या कडेनं खांबांचे खड्डे. देवदाराखालचा तो एकटा दगड दोरीच्या बाहेर होता. हर्शेलनं ओलेटाबाईंची खुर्ची उचलून वर आणली. त्यांच्या मांडीवर मेणाच्या फुलांची टोपली होती.

डेल्फीनं पहिला कागद गार्लंडच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. भोवती माणसं जमली.

"ब्रॅडक लिहिलंय इथं," तो म्हणाला. "आपल्या लुरानाचा बाप हार्लोचा. धुराडं सगळ्यांनी पाहिलंय. हा कुणी दुसराच..."

"थांब. हा दुसरा कागद वाच."

"मोठ्यानं वाच, गार्लंड!" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हालाही कळू दे!"

गार्लंडला वाचावं लागलं. घर, कोठार आणि झरा म्हटल्यावर पहिल्यांदा पोरं हसली, मग म्हातारे. डेल्फीनं डुकरिणीची गोष्ट सांगितली तेव्हा तर एका काकांना ठसका लागला. तिसरा कागद गार्लंडनं मनातच वाचला. तारखेवर त्याचं बोट थांबलं. एनॉकचा दगड तिथून चार पावलांवर होता, त्याच्याकडे त्यानं एकदा बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. डेल्फीला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल, पण तिला त्याची दयाच आली.

"कागद खरा आहे," तो शेवटी म्हणाला. "लग्न झालं होतं. मी शब्द दिलाय, तो पाळतो. फक्त... खड्डे सगळे खणून झालेत. मध्येच वळण घेतलं तर कुंपण वाकडं दिसेल. ओलेटा आत्या, तुमची हरकत नसेल तर आपण आजींनाच मानानं उचलून आत आणू. चांगली जागा देऊ, मधोमध."

सगळे ओलेटाबाईंकडे बघायला लागले. त्या काठी टेकत उठल्या.

"माझ्या आजीला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "ती तिच्या जागी बरोबर आहे. चुकलीय ती तुझी दोरी. माझ्या पणजोबानं एका डुकरिणीपायी अख्खी काउंटी वाकवली होती, गार्लंड. तुला एक दोरी वाकवता येईना?"

असा हशा उसळला, की खालच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. गार्लंडही हसला, अगदी मनापासून. त्यानं कोट काढून एका पोराच्या खांद्यावर टाकला, वाकून खुंटी उपटली आणि दोरी ओढत देवदाराकडे निघाला. दगडाला वळसा घालून त्यानं खुंटी टेकवली. ब्याऐंशी वर्षांनी लुराना रॅटलिफ कुंपणाच्या आत आली. डेल्फी हमसून हमसून रडत होती आणि तिचा हात हर्शेलनं घट्ट धरला होता.

"अजून थोडं," ओलेटाबाई म्हणाल्या.

गार्लंडनं खुंटी पाऊलभर सरकवली.

"अजून."

"आत्या, आजी तर आल्या की आत."

"आजी आली रे बाबा," ओलेटाबाई म्हणाल्या. "मी कुठं झोपू?"

खुंटी घेऊन गार्लंड चालत गेला, चांगला देवदाराच्या पलीकडे, उतार सुरू होतो तिथपर्यंत, आणि हातोड्यानं ती पक्की ठोकली.

ओलेटाबाईंनी टोपलीतलं सगळ्यात मोठं लाल फूल आजीच्या दगडापाशी खोचलं. मग देवदाराच्या बाजूची रिकामी हिरवळ काठीनं दाखवून हर्शेलला सांगितलं, माझी खुर्ची इथं ठेव आणि मला कोंबडीची तंगडी आण. दुपारभर त्या तिथंच बसून जेवल्या.